तीन एकेचाळीस

सप्टेंबरअखेर, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी,
हिमनदीखालच्या सरोवराची पातळी
तीन मीटरवरून तीन एकेचाळीस झाली.
अकरा सेकंदांपुरती.
मग पुन्हा तीन, काही घडलंच नाही अशी.

तेवढ्यात खाली कारा-बुलुनमध्ये भोंगा वाजून गेला होता.
असानकुलनं आईला पाठुंगळी घेतलं,
नमद्याचे बूट डावे-उजवे करून चढ चढला,
आणि उजाडेपर्यंत सगळं गाव टेकडीवर
नदीच्या आवाजाला कान लावून उभं.
पाणी आलं नाही.
म्हातारीला खोकला आला, तो गेला नाही.

बोर्ड माझा. फर्मवेअरही माझंच.
बिश्केकला टेबलावर महिनाभर चाललं होतं,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं, शहाणं.
मी वायरी हलवून पाहिल्या, टाके पुन्हा डागले,
इंटरप्टवर संशय घेतला, मग वॉचडॉगवर.
तिलेक म्हणाला, उंदीर असेल.
आठ नमुन्यांची सरासरी घेत होते मी,
एखादा घसरला तर सात जण सावरतील म्हणून.
आठही एका सुरात खोटं बोलले होते.

शेवटी सगळं घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं.
आईनं मांतीची पिशवी सरकवून जागा करून दिली,
विचारलं, हे किती वेळ उकडायचं?
दाराच्या फटीतून ऑसिलोस्कोपची वायर,
रात्रीचा दीड, पाय बधिर,
आणि पडद्यावर ते एकदाचं दिसलं.
मोडेम मनोऱ्याला हाक मारतो,
गारठलेली बॅटरी गुडघ्यात वाकते,
तीन पूर्णांक तीन व्होल्टची रेघ
दोन पूर्णांक नऊवर येऊन टेकते.
सेन्सर बिचारा खरंच सांगत होता.
पण ज्या व्होल्टनं मी त्याचं म्हणणं मोजायचे
तो व्होल्टच आखूड.

पाणी वाढलं नव्हतं.
गज आटला होता.

थंडीत मनोरा सापडायला वेळ लागतो,
तोवर पुढच्या मोजणीची घटका भरते,
आणि यंत्र बोलता बोलताच ऐकायला जातं.
ही खोड त्याला माझ्याकडून लागलेली.

दुरुस्ती लाज वाटावी इतकी लहान.
संदर्भासाठी एक वेगळी चिप, तांदळाएवढी,
बॅटरी काहीही म्हणो, आपले अडीच व्होल्ट न सोडणारी.
मोडेमच्या शेजारी एक जाडजूड कपॅसिटर.
आणि फर्मवेअरमध्ये दोन ओळींची अदलाबदल:
आधी मोज.
मग बोल.

वर जायला घोडा असानकुलनंच दिला. स्वतःही आला.
वाटेत एका शब्दानं आईचं काढलं नाही,
मीही नाही. तिच्या घरावरून आम्ही गेलो होतो,
दार बंद होतं, चिमणीला धूर नव्हता.
पेटीपाशी बसून मी सोल्डर वितळवत होते,
वाऱ्यानं टोक दर मिनिटाला थंड,
तेव्हा म्हणाला, सांग तरी, झालं काय होतं?
व्होल्ट मला त्याच्या भाषेत येईनात.
मी नुसतं म्हटलं, मापच लहान झालं होतं.
तो बराच वेळ घोड्याचा दोर बोटांवर गुंडाळत राहिला.
भिजलेला दोर, म्हणाला.
भिजल्या दोरानं कुरण मोजलं
की गरिबाचंही कुरण मोठं भरतं.
मग हसला नाही.

रात्री तिथेच राहिलो. उणे नऊ.
तीन वाजून दहा मिनिटांनी मोडेमचा दिवा लुकलुकला,
मी श्वास धरून पडद्याकडे पाहत होते:
तीन शून्य एक.
असानकुल तेवढ्यात कंदील घेऊन काठावर गेलेला,
आजोबांनी रोवलेल्या, चुन्याच्या खुणा मारलेल्या खांबाशी.
तिथूनच ओरडला: तीन!
एक सेंटिमीटर जास्त दाखवतंय, मी ओरडले.
बराच वेळ उत्तर नाही.
मग अंधारातून:
लाट आहे. लिहून ठेव.